खालचा ठसा

पुंडलिककाकांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते मलकापुरात एका सरकारी कचेरीची पाटी ओल्या रुमालाने घासत होते. महाराष्ट्र राज्य होऊन फार दिवस झाले नव्हते आणि रंगाऱ्याने जुन्याच पत्र्यावर नवं नाव रंगवलं होतं. काकांनी एक कोपरा घासून त्याखालचं 'मुंबई राज्य' उघडं पाडलं होतं, आणि आता त्याच्याही खालच्या 'मध्यप्रदेश'च्या शोधात होते. शिपाई हटकायला आला, तर त्याच्याच हातात त्यांनी पाण्याचा तांब्या दिला.

"वरचं तं आंधयालेबी दिसते गड्या," ते म्हणाले. "खालचं पाहा."

हे त्यांचं पालुपद. पुढे मी त्यांच्या शेजारची खोली भाड्याने घेतली. मधे एकच भिंत, तीही पातळ. त्यामुळे ते पालुपद मला झोपेतही पाठ झालं.

काकांचा उभा जन्म पोस्टात शिक्के मारण्यात गेला. तिथे शिक्क्यावर शिक्का पडला की साहेब डोळे वटारायचा. नेमकं त्याच गोष्टीचं त्यांना पुढे वेड लागलं, आणि त्याला कारण एक चांदीचं नाणं. बायकोची जोडवी करायला म्हणून ते चांदी घेऊन सोनाराकडे गेले, तेव्हा सोनार मोडीतलं हे नाणं मुशीत टाकायच्या बेतात होता. काकांनी जोडव्यांची चांदी त्याच्यापुढे ठेवली आणि नाणं घेऊन घरी आले. काकू एवढंच म्हणाल्या म्हणे, "हे बोटात घालता येते काय?" आणि त्यांनी जुनी झिजलेली जोडवीच शेवटपर्यंत वापरली.

नाण्यावर एका परक्या क्षत्रप राजाचा मुखडा होता आणि भोवती ग्रीक अक्षरं. सातवाहन राजाने त्याला हरवलं, पण त्याची नाणी वितळवत बसला नाही. तशीच ऐरणीवर ठेवून त्यांच्यावर आपला डोंगराचा ठसा हाणला. घाव जरा तिरका बसला आणि जुन्या राजाचं नाक तेवढं वाचलं. त्या नाकावर काकांचा फार जीव.

"राज्य गेलं, खुद गेला, पन नाक पाह्य कसं ताठ हाये," असं म्हणून ते भिंग आपल्या डोळ्यात जवळजवळ खुपसत.

घरी येणाऱ्याला चहाच्या आधी नाणं मिळे. धाड गावाहून एक गृहस्थ आपल्या मुलीसाठी मला पाहायला आले होते. मी खोलीत शर्ट बदलतोय तोवर काकांनी त्यांना गाठलं, भिंगातून न्याहाळलं आणि विचारलं, "वरून तं तुमी धाडचे दिसता. खालून कोठचे?" ते स्थळ पुन्हा फिरकलं नाही. मला त्याचं थोडं वाईट वाटलं, पण मुलीच्या बापाचा चेहरा आठवून अजून हसू येतं.

अधूनमधून ते एसटी बदलत बदलत जानेफळच्या बाजाराला जात. मला वाटे, नाण्यांसाठी. पण प्रत्येक वेळी रिकाम्या हाताने परत येत आणि मग दोन दिवस पालुपद बंद असे.

काकूंना मी पाहिलं नव्हतं. मी राहायला येण्याआधीच त्या गेल्या होत्या. एकदा मी सहज विचारलं, "काका, काकूंचं नाव काय होतं?"

"कोनतं सांगू?" ते म्हणाले. "लग्नाच्या पत्रिकेत द्वारका होतं. मंग ताटातल्या तांदुयावर आंगठीनं मीच सुमित्रा लिवलं. ठसा मीच मारला, बाप्पा." आणि जरा थांबून, "हाक मातर एकाबी नावानं मारली नाही. नुसतं, अवं, आयकलं काय."

शेवटच्या तापात काकूंना भान नव्हतं. काकांनी सुमित्रा म्हणून पाहिलं, द्वारका म्हणून पाहिलं. काकूंनी डोळा उघडला नाही. मधूनच मात्र त्या हसून म्हणत, "आली वं माय, आली."

"तिची माय तिले हाका मारून राह्यली होती," काका म्हणाले. "कोनत्या नावानं, ते मले मालूम नाही. येवढा संसार केला, अन् खालचं नाव मालूम नाही." काकूंचं माहेर जानेफळचं. तिथे घरचं कुणी उरलं नव्हतं. म्हणून ते बाजारातल्या म्हाताऱ्या बायांना विचारत फिरायचे.

पुढच्या खेपेला मी त्यांच्यासोबत गेलो. मिरच्या विकणारी एक म्हातारी द्वारका म्हटलं तरी, सुमित्रा म्हटलं तरी नाही म्हणून मान हलवत होती. काकांनी सासऱ्यांचं नाव सांगितलं, लोहाराच्या घरामागचं घर सांगितलं, हनुवटीवरचा व्रण सांगितला. म्हातारी खुलली.

"अवं माय, थे तं आमची चिंधी! तिच्या आंधीचं येकबी लेकरू जगलं नाही. म्हून मायनं चिंधी नाव ठेवलं. फाटकी चिंधी कोन उचलते? यमबी नाही उचलत. लग्नात लाज वाटली, तं पत्रिकेत द्वारका टाकलं." मग तिने काकांकडे निरखून पाहिलं. "तुमी जवाई काय? बरी हाये ना आमची चिंधी?"

काकांनी मिरच्यांच्या ढिगाकडे पाहिलं.

"हाव," ते म्हणाले. "बरी हाये."

त्यांनी नको तेवढ्या मिरच्या घेतल्या. परतीच्या एसटीत कंडक्टर शेजारी येऊन बसला, तरी त्यांनी नाणं बाहेर काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी भिंतीपलीकडे स्टोव्हला पंप मारल्याचा आवाज आला. मग काकांचा घसा खाकरल्याचा. मग एक हाक आली, नव्या नवऱ्यासारखी अवघडलेली.

"चिंधे, चाय मांडू काय वं?"

मग पुन्हा तीच हाक, जरा मोठ्याने, न्हाणीत असलेल्या माणसाला ऐकू जावी तशी.