कमलबाईंचा पाट आणि पाच जोड चपला

कमलबाईंनी सागवानी पाट काखोटीला मारला आणि ओट्यावरूनच जाहीर केलं, "मी एरंडोलले जास. एकली. बसमा."

नवलच्या हातातला घास हातातच राहिला. "माय, गुडघा देख तुना! गाडीनी पायरी केवढी उंच शे. पडशी! परवा मी लई जासू ना मोटरसायकलवर."

हा परवा गेले तीन महिने उगवत नव्हता. एरंडोलला कमलबाईंची धाकटी बहीण रूपा खुब्याचं हाड मोडून अंथरुणाला खिळली होती, आणि शहात्तर वर्षांच्या थोरल्या बहिणीला तिचं तोंडही बघता आलं नव्हतं. रात्रंदिवस तेच मनाला लागून राहिलेलं. शेवटी बाईंनी स्वतःच उपाय काढला. गाडीच्या दाराशी पाट ठेवायचा, पाटावरून पायरीवर चढायचं आणि पाटाला बांधलेली दोरी ओढून पाट आत घ्यायचा. अंगणात बैलगाडीवर त्यांनी चार दिवस सरावही केला होता.

"बरं, जाईसन दखाड," नवल इरेला पेटला. "पन मदतले मले फोन करा, तर पुन्हा बसनं नाव लेवानं नही!"

"कबूल," बाई म्हणाल्या आणि निघाल्यासुद्धा.

फाट्यावर गाडी आली. बाईंनी दाराशी पाट ठेवला, पाय उचलला आणि तसाच खाली घेतला. हा नवलच्या लग्नातला पाट. नवरदेव यावर बसला होता, दरसाल गणपती यावर बसतो. त्यावर चपलेचा पाय? बाईंनी चपला काढून बाजूला सारल्या, हात जोडले आणि दोन ढेंगांत आत पोचल्या. इतका आनंद त्यांना कित्येक दिवसांत झाला नव्हता.

दोरी ओढणार एवढ्यात खालून गावातल्याच झुलाल आबांचा आवाज आला. "अक्का, पाट ऱ्हाऊ द्या जराखा. आम्हना गुडघाबी तुम्हनासारखाच शेतस."

आबांना एरवी दोघं जण बखोटीला धरून पोतं चढवावं तसे चढवायचे. आज कोणाला हात लावू न देता ते चढले, अर्थात चपला काढून. मागे एक म्हातारं जोडपं होतं, त्यांच्यामागे एक काठीवाले बुवा. पाट बघितला की प्रत्येकाचा हात आपोआप चपलेकडे जायचा. कंडक्टर मोहिनी घड्याळ बघून कातावली.

"बाबा, चपला घालूनच चढा हो! उशीर होतोय."

"ताई, पाट शे तो! देव बठस त्यावर," बुवा म्हणाले.

मोहिनीच्याही घरी पाट होता, त्यामुळे ती दार धरून थांबली. बुवा आत आले, बाईंनी पाट ओढून घेतला, घंटी वाजली. पाचही जणांना बसायला जागा मिळाली. फाट्यावर पाच जोड चपला देवळाबाहेर असाव्यात तशा ओळीत उभ्या राहिल्या.

ही गोष्ट ध्यानात आली ती थेट एरंडोलला. बाई पाटावरून खाली उतरल्या, सवयीने पायाने चपला चाचपल्या आणि पायाला डांबराचा चटका बसला. बाकीचे चौघेही उतरले आणि नाचायला लागले. सावलीचं बाकडं लांब. मग पाटावरच पाळी लागली. दोघांनी उभं राहायचं, तिघांनी उड्या मारायच्या.

"अक्का, नवलले फोन लावा," आबा कळवळले.

"नही."

"पाय भाजी ऱ्हायनात!"

"भाजू द्या. फोन लावाव नही मी."

बाईंनी मोर्चा मोहिनीकडे वळवला. "ताई, गाडीमा पेपरना गठ्ठा येस, दूधना कॅन येतस. मंग चपला नही येतीन का?"

मोहिनीला हसू आवरेना. तिने फाट्यावरच्या चहावाल्या भाईदासला फोन लावला. भाईदास म्हणाला, चपला गोणीत भरून मागून येणाऱ्या गाडीत चढवतो. बाईंनी सगळ्यांना टाचांवर चालवत बाकड्यापर्यंत नेलं.

अर्ध्या तासाने गाडी आली. दारात गोणी दिसली आणि गोणीमागे नवल. भाईदासने चपला चढवल्या खऱ्या, पण मोहिनीचा फोन यायच्या आतच त्याने नवललाही कळवून ठेवलं होतं, "तुन्या मायन्या चपला आठे पडेल शेतस, माय नही!" बिचारा शेतातून धावत फाट्यावर आला आणि समोर गाडी दिसताच तिच्यात चढला.

 फोन बाईंनी केला नव्हता, पण आता ऐकणार कोण? रूपाची भेट होईल तेवढी ही एकच. मग पुन्हा परवाची वाट बघायची.

"मी सांगत व्हतू ना..." नवलने दारातूनच सुरुवात केली आणि गोणी छातीशी धरून पाय खाली टाकला. गोणीआड पायरी दिसली नाही आणि जमीन त्याच्या अंदाजापेक्षा वीतभर खाली निघाली. नवल खाली, गोणी त्याच्यावर, चपला चहूकडे. चारही म्हाताऱ्यांनी आधी आपापला जोड शोधून पायात घातला आणि मग त्याला उठवलं.

"लागनं का रे?" बाईंचा जीव कासावीस झाला.

"घोटा गया माय," नवल कण्हला. "केवढी उंच शे ती पायरी!"

 बाईंनी त्याला बाकड्यावर बसवलं, पाय पाटावर ठेवला, परतीच्या फेरीसाठी थांबलेल्या मोहिनीकडून गार पाणी घेऊन ओलं फडकं बांधलं. पाय बघता बघता सुजला होता, पण बोटं हलत होती.

"घर कसा जासू मी?" नवल म्हणाला. "आते चढता येवाव नही मले. तूच चढाव."

"चढावसू ना. पाच वाजताना गाडीले."

"पाच? माय, शेतले पानी देवानं बाकी शे! आते चाल ना घर."

"आधी रूपाले भेटसू," बाई म्हणाल्या. त्यांनी चपला झटकून पायात सरकवल्या. "तू पाट संभाळ. कोनले देऊ नको."

आबा त्याच्याशेजारी येऊन बसले आणि तंबाखूची पुडी काढली. नवलने एकदा पायाकडे बघितलं, एकदा घड्याळाकडे.

"माय, लवकर येजो!" तो मागून ओरडला.

कमलबाई तोवर रस्ता ओलांडून रूपाच्या गल्लीला लागल्या होत्या.