अनुभवाचा तक्ता

दत्तप्रसाद सामंतचा सगळा संसार दोन खांबांवर उभा होता. बायको नर्मदा मुलीच्या दहावीपायी रत्नागिरीत. त्यामुळे दुबईच्या इंटरनॅशनल सिटीतल्या शेअरिंगच्या खोलीतून ऑफिसला न्यायला जहूरभाईंची गाडी आणि दुपारी उघडायला शोभनावहिनींचा डबा. नेमके हेच दोघे एकमेकांविरुद्ध निवडणुकीत उतरले.

तिथल्या मराठी मंडळाच्या अध्यक्षपदाची निवडणूक महिन्यावर आली होती. समोरच्या पॅनलशी भिडण्याआधी ‘किनारा’ पॅनलला आपला एकच उमेदवार ठरवायचा होता आणि इच्छुक होते दोन. पॅनलमधल्या सर्वांत वडीलधाऱ्या मरियमबींनी तोडगा काढला.

“दोघांचा अनुभव कागदावर मांडा. हा दत्तू तिकडे शारजाच्या पुढं हमरियाला कंपनीत एचआरमध्ये आहे ना? दिवसभर तेच तर करतो.”

शहाण्या माणसाने तिथेच हात जोडले असते. दत्तप्रसादचे डोळे चमकले. दुसऱ्याच्या आयुष्यात नाक खुपसायचा पगार मिळतो, म्हणूनच तो एचआरमध्ये टिकला होता.

त्याने रीतसर मुलाखती घेतल्या. शोभनावहिनी म्हणाल्या, “लिहून घ्या भावजी. पुण्यात बँकेच्या युनियनची बारा वर्षं सेक्रेटरी होते.”

दुसऱ्या दिवशी गाडीत जहूरभाई हसले. “इंडियाचा एक्सपिरियन्स इथं काउंट होतो काय? तूच बोल हबीबी, तुझ्या कंपनीत करतात?”

कंपनीत करत नसत, हे खरंच होतं. रोज सकाळी तो स्वतःच त्या कारणावरून दहा अर्ज बाजूला टाकत असे. तरी न्याय म्हणून त्याने वहिनींच्या बारा वर्षांना निम्मे गुण दिले आणि भोळेपणाने तसं त्यांना सांगितलंही. दुसऱ्या दिवशी डब्यात तीनऐवजी दीड पोळी निघाली.

इथे तरी थांबावं! पण तक्त्यात त्याला एक गंमत दिसली. सहा वर्षांपूर्वीची खोरफक्कानच्या समुद्रकिनाऱ्यावरची पिकनिक दोघांच्याही नावावर होती. दोन बसेस, ऐंशी माणसं, “एक पण हरवला नाय” असं जहूरभाई म्हणत होते आणि वहिनीही शब्दशः तेच सांगत होत्या. एका पिकनिकला दोन प्रमुख कसे? दत्तप्रसादला चैन पडेना. त्याने मरियमबींना फोन लावला.

“कोणी हरवला नाय?” मरियमबी म्हणाल्या. “अरे, मी नमाजाला गेले तर दोन्ही बसेस सुटल्या! ह्याला वाटलं मी तिच्या बसमध्ये, तिला वाटलं ह्याच्या. मासळीच्या पिकअपमधून आले मी दुबईला.”

दत्तप्रसादने फोन ठेवला आणि एचआरचा माणूसच करील ती चूक केली. दोन्ही उमेदवारांना त्याने व्हॉट्सॲपवर पडताळणीचा फॉर्म धाडला. त्यात एकच प्रश्न होता: ‘मागे राहिलेल्या सदस्येची जबाबदारी कोणाची?’

दुसऱ्या दिवशी पावणेसहाला जहूरभाईंचा मेसेज आला, गाडी गॅरेजला आहे. सहाला वहिनींचा आला, गॅस संपलाय. हमरियाला टॅक्सीचे दीडशे दिरहॅम, म्हणजे साडेतीन हजार रुपये मोजताना त्याला रडू यायचं बाकी होतं. दुपारी कँटीनमध्ये कोरडा बर्गर चावताना त्याने शपथ घेतली की रविवारी तक्ता वाचायचा, गोड बोलायचं आणि गाडी-डबा परत मिळवायचा.

रविवारी ऊद मेथा भागातल्या हॉलमध्ये त्याने तक्ता वाचायला सुरुवात केली. पिकनिकची ओळ येताच जहूरभाई उठले, “लिस्ट वहिनींकडे होती!” वहिनी उठल्या, “लिस्ट तुम्हीच खिशात घातली होती!” हॉलभर कालवा झाला.

“खलास!” मरियमबी कडाडल्या. “सहा वर्षं झाली, सॉरी एकानं नाय म्हटलं. मी हात दाखवून पिकअप थांबवली, शारजाच्या मार्केटला त्या पोराची मासळी विकून दिली आणि वाटेत चहाला थांबलेल्या तुमच्या बसेसच्या आधी घरी पोचले.”

मागून कोणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनी. पाच मिनिटांत ‘किनारा’ची उमेदवार म्हणून मरियमबींचं नाव एकमताने ठरलं. तक्त्याच्या तळाची बेरीज वाचायची वेळच आली नाही. दत्तप्रसादने कागदाची घडी करून खिशात घातली आणि मनापासून देवाचे आभार मानले. दोघेही हरले होते, म्हणजे त्याच्यावर कोणाचाच राग राहायचं कारण नव्हतं.

दाराशी जहूरभाई आणि शोभनावहिनी चक्क एकत्र उभे राहून बोलत होते. तो भीत भीत जवळ गेला.

“उद्या पावणेसहाला खाली ये,” जहूरभाई म्हणाले. “गाडी आली गॅरेजमधून.”

“आणि डबा घेऊन जा हो जाताना,” वहिनी म्हणाल्या. “आंबोळ्या करतेय.”

दत्तप्रसादचा ऊर भरून आला. तो थँक्यू म्हणणार, इतक्यात वहिनींनी आवाज खाली आणला.

“आता सगळं संपलंच आहे, म्हणून नुसतं कुतूहल भावजी. बेरजेत पुढे कोण होतं?”

“हां, बोल ना,” जहूरभाई जवळ सरकले. “आपण काय राग धरनार?”

दोघेही हसऱ्या चेहऱ्याने त्याच्या तोंडाकडे पाहत राहिले. दत्तप्रसादने खिशातला कागद घट्ट दाबला, बाहेरच्या रस्त्याकडे पाहिलं आणि सुरक्षारक्षकाला विचारलं, “भाईसाब, इंटरनॅशनल सिटी की बस कहाँ से मिलेगी?”