पोस्टमास्तरांची नाडी

दवाखान्यातून घरी आल्यापासून निवृत्त पोस्टमास्तरांना दिवसातून चारदा हात पुढे करून बसावं लागे. समोर त्यांची बायको, म्हणजे शाळेतल्या निवृत्त पी.टी.च्या बाई. बाईंचा अंगठा मास्तरांच्या मनगटावर घट्ट रुतलेला आणि डोळे भिंतीवरच्या घड्याळाला चिकटलेले.

चौऱ्याहत्तराव्या वर्षी मास्तरांच्या हृदयाने ताळतंत्र सोडलं होतं. मग डॉक्टरांनी मांडीतल्या शिरेतून बारीक नळी थेट हृदयापर्यंत नेली आणि गोंधळ घालणारा तेवढा भाग जाळून टाकला. अ‍ॅब्लेशन म्हणतात त्याला. "आठ दिवसांनी हिंडाफिरायला लागा," असं डॉक्टर म्हणाले होते. मास्तरांचा सगळा जीव त्या आठ दिवसांत अडकला होता, कारण वाचनालयाच्या कॅरम स्पर्धेत ते जन्मात पहिल्यांदा अंतिम फेरीत पोचले होते आणि सामना येत्या रविवारी होता.

सोमवारी बाईंच्या कपाळाला आठी पडली.

"अहो, चुकतोय."

"काय?"

"ठोका! तीन पडले, एक गायब, मग दोन धावतच आले. माझ्या वर्गातली पोरं बरी यांच्यापेक्षा."

"मला तर छान वाटतंय गं."

"तुम्हाला ऑपरेशनच्या आधीही छानच वाटायचं. दर चार पायऱ्यांनी जिन्यात बसायचात तेव्हा!"

जिना बंद झाला. मंगळवारी ठोके आणखी बिघडले म्हणून चहा बंद. बुधवारी वर्तमानपत्र बंद, कारण ते वाचून मास्तरांचं डोकं फिरतं. गुरुवारी कॅरमच्या जोडीदाराचा फोन आला, त्यावर मास्तर खदखदून हसले, म्हणून फोनही बंद आणि हसणंही. काळजीने बाईंची झोप उडाली. नवल म्हणजे बाई जितक्या हवालदिल होत, तितकी मास्तरांची नाडी जास्तच बेताल होई.

"रविवारी मी खेळणार म्हणजे खेळणार!" शुक्रवारी मास्तरांनी बंड पुकारलं.

"खेळा की. आधी डॉक्टरांकडे चला."

डॉक्टरांनी ईसीजी काढला. "उत्तम आहे, काका."

"मशीन बिघडलंय," बाई म्हणाल्या.

डॉक्टरांनी दुसऱ्या मशीनवर काढला. तोही उत्तम.

"दोन्ही एकाच कंपनीची दिसतात," बाईंनी निकाल दिला. "माझ्या हाताला कळतं ते तुमच्या डब्याला नाही कळत. हे बघा!" त्यांनी मास्तरांचं मनगट पकडलं. "एक, दोन... गेला! आला, आला!"

डॉक्टरांनी मास्तरांचं दुसरं मनगट धरलं. तिथे सगळं सुरळीत होतं. मग त्यांची नजर बाईंच्या हाताकडे गेली.

"काकू, नाडी नेहमी अंगठ्यानेच बघता?"

"मग? बोटांत जोर कुठे असतो?"

"अंगठ्याला स्वतःची नाडी असते, काकू. आठवडाभर तुम्ही काकांची नाही, तुमचीच मोजताय."

"म्हणजे चहा हिचा बंद व्हायला हवा होता!" मास्तर ओरडले. मग त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला आणि तोंडातलं हसू तोंडातच राहिलं.

पाच मिनिटांत बाई पलंगावर होत्या आणि कागदावर रेघा सैरावैरा धावत होत्या. तोच आजार.

"दम नाही लागायचा, काकू?"

"लागायचा की. मला वाटायचं, ह्यांच्यामागे धावून लागतोय."

रविवारी मास्तर खेळले आणि सपशेल हरले, कारण सोंगटीपेक्षा त्यांचं लक्ष पहिल्या रांगेतल्या बाईंकडे होतं. पुढे दोन महिने आजार औषधांना दाद देईना, तेव्हा बाईंचंही अ‍ॅब्लेशन ठरलं.

त्या दिवशी मास्तर फार घाबरले होते. स्वतःच्या वेळी ते एवढे घाबरले नव्हते. बाईंना घेऊन ढकलगाडी ऑपरेशन थिएटरच्या दारापाशी आली तशी बाई उठून बसल्या.

"डॉक्टर, आधी ह्यांची नाडी बघा. तोंड बघा कसं झालंय!"

डॉक्टरांनी मास्तरांच्या मनगटावर तीन बोटं ठेवली.

"एकशे दहा. काका भयंकर घाबरलेत, काकू. पण एकही ठोका चुकलेला नाही."

"मग हरकत नाही," असं म्हणून बाई निवांत आडव्या झाल्या. "घ्या मला आत."