दीनानाथरावांची व्हिएतनामी ऑर्डर

दीनानाथ सबनिसांना व्हिएतनामी येत होती. म्हणजे, त्यांच्या मते! आखातातल्या मीना अब्दुल्ला या गावच्या रिफायनरीत ते सेफ्टी इंजिनिअर. सात वर्षांपूर्वी कंपनीने त्यांना वीस दिवसांच्या ट्रेनिंगला व्हिएतनामला पाठवलं, आणि तिथून ते बांबूची एक टोपी आणि सहा शब्द घेऊन आले. टोपी घर बदलताना हरवली. शब्द राहिले.

त्यामुळे मुलीचं, शर्वरीचं, बँकेतल्या अनुपशी जमलं आणि अनुपच्या आईवडिलांना पहिल्यांदा भेटायची वेळ आली, तेव्हा दीनानाथरावांनी जाहीर केलं, "खैतान भागात एक छोटं व्हिएतनामी हॉटेल आहे. घरचीच माणसं चालवतात. तिथेच नेऊ त्यांना!"

"अहो, ते पक्के शाकाहारी आहेत," श्यामला म्हणाली. "उडप्याकडे जाऊ."

"उडप्याकडे काय, कुणीही नेतं! शाकाहारीला व्हिएतनामीत काय म्हणतात, ते मला पाठ आहे. तू अजिबात काळजी करू नकोस!"

श्यामलाने त्या क्षणापासून काळजी करायला सुरुवात केली.

शुक्रवारी संध्याकाळी सातला चौघं हॉटेलात बसले. मोठ्यांचं बोलणं मोठ्यांनीच करायचं, म्हणून मुलांना घरी ठेवलं होतं. हॉटेल जेमतेम सात टेबलांचं. गल्ल्यावर लान नावाची हसतमुख बाई, आत तिचा नवरा तुआन, आणि स्वयंपाकघराच्या खिडकीशी त्याची म्हातारी आई, कढईएवढ्या डावाने भलंमोठं पातेलं ढवळणारी.

नंदकुमार, म्हणजे अनुपचे वडील, मेनूतली चित्रं परीक्षेच्या पेपरासारखी वाचत होते. मंदाताई पर्स मांडीवर घट्ट धरून बसल्या होत्या, जणू कुठल्याही क्षणी उठायचं आहे.

"इथे भांडी तरी वेगळी असतात का हो?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही फक्त बघत राहा!" दीनानाथराव म्हणाले.

श्यामला साडीच्या पिना नीट करायला वॉशरूममध्ये गेली. लान फोनवर ऑर्डर घेत होती. तिला छान इंग्रजी येत होतं. दोन मिनिटं थांबले असते, तर सगळं सुरळीत झालं असतं! पण दीनानाथराव उठले आणि थेट आजीबाईंच्या खिडकीशी गेले.

"चाय," ते ऐटीत म्हणाले.

"अहो, चहा जेवणानंतर घेऊ," मागून नंदकुमार म्हणाले.

"चहा नव्हे हो! चाय म्हणजे त्यांच्या भाषेत शाकाहारी!"

आजीबाईंना कमी ऐकू येत होतं. त्यांनी कानामागे हात धरला. परक्या भाषेत समोरच्याला कळलं नाही, की माणूस आवाज चढवतो. दीनानाथरावांनीही चढवला. तोही रिफायनरीत कंप्रेसरच्या वर ऐकू जाणारा!

"चाऽऽय! चाऽऽय!"

आजीबाईंच्या हातातला डाव खाली पडला. त्यांनी झटक्यात गॅस बंद केला आणि त्या त्याच सुरात ओरडल्या, "चाऽऽय!" तुआन आग विझवायचा लाल सिलिंडर घेऊन धावत आला आणि त्याने शेगडीवर फवारा सोडला. खिडकीतून पांढरा ढग बाहेर आला.

"धूर!" नंदकुमार किंचाळले.

आणि दीनानाथरावांमधला सेफ्टी इंजिनिअर जागा झाला. पाण्यात बुडवलेला रुमाल तोंडाला बांधून ते गरजले, "एव्हरीबडी आउट! धावू नका! लिफ्ट वापरू नका!" हॉटेल तळमजल्यावर होतं, पण तेवढं बघायला वेळ कुणाला होता! दोन फिलिपिनो नर्सा, एक इजिप्शियन गृहस्थ, हॉटेलवाले आणि व्याही, सगळे समोरच्या पार्किंगमध्ये. चाळीस सेकंदांत! दीनानाथरावांनी एकशेबारा फिरवला आणि मोजणी सुरू केली.

"आत दहा होते. इथे नऊच! कोण राहिलं?"

सगळे एकमेकांकडे बघू लागले.

"तुमची मिसेस," मंदाताई शांतपणे म्हणाल्या.

 दीनानाथराव तसेच आत धावले. समोरून श्यामला हात पुसत येत होती.

"सगळे गेले कुठे? आणि तुम्ही तोंडाला काय बांधलंय?"

त्यांनी तिला दंडाला धरून बाहेर आणलं.  तेवढ्यात बंब आला. यूसुफ नावाचा धिप्पाड अधिकारी खाली उतरला.

"वेन हरीक? कुठे आहे आग?"

तुआनने आईकडे बोट दाखवलं, आईने दीनानाथरावांकडे. मग आजीबाई बराच वेळ बोलल्या. लान आधी गंभीर होती, मग तिने तोंडावर हात घेतला.

"सर," ती इंग्रजीत म्हणाली, "'चाय' सरळ आवाजात म्हटलं, तर शाकाहारी. आवाज वर नेला, तर आग लागली!"

 दीनानाथरावांनी रुमाल सोडला.

"चूक माझी आहे," ते यूसुफला म्हणाले. "मला फक्त भाजी हवी होती."

यूसुफने आत जाऊन कोपरा न् कोपरा तपासला. बाहेर येऊन त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "खलास. पुढच्या वेळी इंग्लिश, हां? प्लीज!"

आणि एकदम मंदाताई हसायला लागल्या. इतक्या, की त्यांना गाडीच्या बॉनेटला टेकावं लागलं. पर्स खाली पडली, ती उचलायचंही त्यांना सुचेना. "भाजी हवी होती म्हणे!" डोळे पुसत त्या पुन्हा हसल्या. नंदकुमारांनी लग्नाच्या चाळीस वर्षांत बायकोला असं हसताना दोनदाच पाहिलं होतं.

दीनानाथरावांनी आजीबाईंसमोर हात जोडले. त्यांनी फटकारल्यासारखं काहीतरी म्हटलं आणि आत जाऊन गॅस पुन्हा पेटवला. टोफूचे, पुदिन्याचे, शेंगदाणे भुरभुरलेले चार वाडगे टेबलावर आले. मंदाताईंनी आपला संपवला आणि नंदकुमारांचाही निम्मा खाल्ला. साखरपुड्याची तारीख जेवतानाच ठरली.

परतताना गाडीत शर्वरीचा फोन आला.

"आई, हाऊ वॉज इट? त्यांना आवडलं?"

"सगळं ठरलं," श्यामला म्हणाली. "मागणं काही नाही. त्यांची एकच अट आहे."

"कसली अट?"

श्यामलाने शेजारी निमूटपणे गाडी चालवणाऱ्या नवऱ्याकडे पाहिलं.

"लग्नात बाबांच्या हातात माइक द्यायचा नाही!"