पिवळ्या पट्ट्यांची मोहीम

"यापुढे या जंगलात एकही मूल हरवणार नाही!" चिमीच्या आईनं वनस्नेही मंडळाच्या बैठकीत जाहीर केलं. तिचा आवाज इतका ठाम होता की कोपऱ्यात पेंगत असलेले खजिनदार दचकून उठले आणि "अनुमोदन!" असं ओरडून पुन्हा पेंगायला लागले.

आता तुम्हाला म्हणून सांगते, त्या जंगलात आजवर एकही मूल हरवलेलं नव्हतं. हरवायला पुरेल एवढं ते जंगलच नव्हतं. फाटक, फाटकातून निघणारी एक पायवाट, मध्ये दाट झाडी आणि शेवटी तळं. चुकायचंच म्हटलं तर माणूस फार तर तळ्याऐवजी स्वच्छतागृहापाशी निघायचा. पण चिमीच्या आईला हे कोण सांगणार? तिच्या पर्समध्ये एक शिट्टी होती आणि ती शिट्टी हरवली तर असावी म्हणून दुसरी शिट्टी होती. चिमी झोपाळ्यावर बसली की ही खाली दोन्ही हात पसरून उभी राहायची, जणू वरून आंबे पडणार आहेत.

त्यात मागच्या महिन्यात एका पाहुण्यांची मुलगी पाच-दहा मिनिटं दिसेनाशी झाली. ती 'ढेरपोट्या'मागे बसून बिस्किटं खात होती. ढेरपोट्या म्हणजे वाटेवरचं सगळ्यात जुनं झाड. खोड मधेच असं फुगलेलं, की जेवून तृप्त झालेला गृहस्थच वाटावा. शाळांच्या सहली त्याला कवेत घेऊन फोटो काढायच्या. मुलगी सापडली, बिस्किटं संपली, विषय संपला. चिमीच्या आईची झोप मात्र तेव्हापासून उडाली ती उडालीच.

शिवाय आणखी एक गोष्ट होती, जी ती कुणाला बोलून दाखवत नसे. शाळेत ती चिमीची आई. सोसायटीत चिमीची आई. दवाखान्यातसुद्धा, "चिमीची आई, तुमचं वजन करा." फक्त या मंडळात तिला 'संपादकबाई' म्हणत. मंडळाचं चार पानी मासिक वार्तापत्र 'रानवार्ता' तीच लिहायची, तपासायची, छापून आणायची आणि फाटकाशी उभी राहून पाहुण्यांना वाटायची. दोन पदव्या घेऊन घरी बसलेल्या बाईला 'संपादकबाई' ही हाक कशी लागते, ते जिला लागते तिलाच ठाऊक. ही हाक तिला गमवायची नव्हती.

तर योजना अशी: वाटेच्या दोन्ही बाजूंच्या मोठ्या झाडांना रंगाचे पट्टे ओढायचे. मुलांनी पट्टे बघत चालायचं, तळ्याशी पोचायचं. संपलं!

यावर बैठक दोन तास चालली. त्यातले पावणेदोन तास रंगावर गेले. अध्यक्ष म्हणजे बँकेतून निवृत्त झालेले काका. त्यांच्या गॅलरीचा निळा रंग उरला होता, म्हणून त्यांना जंगलात निळाच शोभतो असं वाटत होतं. मुख्याध्यापिकाबाईंचं म्हणणं, लाल म्हणजे धोका, हिरवा दिसणार नाही आणि निळा उदास. शेवटी कुणीतरी आठवण करून दिली की मंडळाच्या खोलीतल्या कपाटामागे पिवळ्या रंगाचे डबे कधीचे पडून आहेत.

"कुणाचे आहेत?" चिमीच्या आईनं विचारलं. सावध बाई!

"मंडळाच्या खोलीत आहेत म्हणजे मंडळाचेच," काका म्हणाले. "बँकेत हाच नियम होता."

खोली वनखात्यानं दिलेली होती आणि कपाटामागचा कोपरा वनखात्यानं स्वतःकडे ठेवलेला होता, हे त्या क्षणी कुणाच्याही डोक्यात आलं नाही.

रविवारी मोहीम पार पडली. पट्टा मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर हवा, हा चिमीच्या आईचा आग्रह. त्यासाठी तिनं चिमीला प्रत्येक झाडापाशी पट्टीसारखं उभं करून माप घेतलं. काका दर झाडाला पहिला फटकारा मारायचे, फोटो काढून घ्यायचे आणि ब्रश दुसऱ्याच्या हातात द्यायचे. ढेरपोट्याला तर इतका जाड पट्टा बसला की त्यानं बेल्ट लावल्यासारखं दिसायला लागलं. संध्याकाळी चिमीच्या कोपरापर्यंत रंग होता आणि आईच्या चेहऱ्यावर समाधान.

'रानवार्ते'च्या पहिल्याच पानावर मथळा झळकला: 'मंडळाकडून झाडांचे मार्किंग पूर्ण!'

अंक वाटून झाल्यावर दुसऱ्याच दिवशी वनाधिकारी साहेबांचा फोन. एरवी ते मंडळाचा फोनही उचलत नसत.

"बाई, कमाल केलीत! आमचं महिन्याचं काम तुम्ही एका रविवारात उरकलंत! इथं माझ्याकडे माणसं नाहीत, वरून तगादा चालूच..."

चिमीची आई फुलून गेली. "साहेब, हे तर आमचं कर्तव्यच आहे. पलीकडच्या वाटेवरची झाडंही करून देऊ का?"

"आणखी?" साहेब जरा चपापले. "नको नको, यंदा इतकी पुरेत. पण जाड जाड झाडं धरलीत तुम्ही."

"मुद्दामच! बारीक झाडं कुणाच्या नजरेत भरत नाहीत ना."

"खरंय, खरंय. मग सोमवारपासून माणसं पाठवतो."

"पाठवा की! आम्हीही येतो. चिमीच्या बालवाडीची सहलच आहे त्या दिवशी. मुलांना दाखवता येईल."

"मुलांना... दाखवणार? बरं. तुम्ही जरा लांब उभं करा त्यांना."

"साहेबसुद्धा मुलांची किती काळजी करतात!" तिनं नवऱ्याला सांगितलं. नवरा मोबाइलमधून मान न काढता "हं" म्हणाला. त्याचं 'हं' सगळ्याच बातम्यांना सारखंच असतं.

सोमवारी बालवाडीची वरात तिच्या मागोमाग जंगलात शिरली. मुलं पट्टे बघत ओरडत होती, "पिवळं! पिवळं! हे पण पिवळं!" योजना इतकी सुरेख चालली होती की चिमीच्या आईला भरून आलं. तेवढ्यात पुढून घर्रर्र असा आवाज आला.

ढेरपोट्यापाशी चार माणसं उभी होती. दोघांच्या हातांत दोर. एकाच्या हातात करवत, ती विजेवर चालणारी की इंधनावर ते चिमीच्या आईला कळलं नाही, पण तिचे दात तिला स्पष्ट दिसले. आणि चौथा, त्यांचा मुकादम, पिवळ्या पट्ट्यावर टिचकी मारून सांगत होता, "इथून घ्या. खूण बरोबर कमरेवर दिलीय, वाकायचीसुद्धा गरज नाही."

"थांबा! काय करताय तुम्ही?"

"दिसत नाही का ताई? झाड पाडतोय."

"का पण?"

"पिवळा पट्टा आहे ना. पिवळा पट्टा म्हणजे तोड. ही वाट आज मोकळी करायचीय, तळ्यापर्यंत." मुकादमानं कौतुकानं मान हलवली. "कुणी मार्किंग केलंय कोण जाणे, पण एक झाड सोडलं नाही पठ्ठ्यानं!"

चिमीच्या आईच्या तोंडचं पाणी पळालं. साहेबांचा फोन तिच्या कानात पुन्हा पहिल्यापासून वाजायला लागला आणि या वेळी त्यातलं प्रत्येक वाक्य वेगळंच ऐकू आलं. जाड जाड झाडं! मुद्दामच! आणखी करून देऊ का!

तिनं पहिली शिट्टी फुंकली. मुलांना वाटलं खेळ सुरू झाला, सगळी ढेरपोट्याकडे धावली आणि त्याला बिलगली. सहलीच्या बाई किंचाळल्या. तळ्याकडून परतणारे पाहुणे थबकले. त्यातल्या एकानं 'रानवार्ते'तला नंबर बघून काकांना फोन लावला आणि वीस मिनिटांत सगळं मंडळ धापा टाकत हजर.

काकांना गर्दी दिसली की त्यांचा आवाज आपोआप भाषणाचा होतो. "हे झाड तोडण्याआधी आमच्या प्रेतांवरून जावं लागेल!"

"काका," चिमीची आई कुजबुजली, "पिवळा पट्टा म्हणजे तोड. पट्टे आपण काढलेत."

काकांचा हात हवेतच राहिला. अर्धं मिनिट ते विचारात पडले. बँकेत एवढा विचार ते फक्त मोठ्या कर्जाच्या वेळी करत असावेत. मग तोंड वाकडं करून ते तिच्या कानाशी म्हणाले, "गप्प! मंडळाची अब्रू आहे." आणि गर्दीकडे वळून दुप्पट जोरात, "कोण आहे तो नराधम, ज्यानं आमच्या झाडांवर हे मृत्यूचे पट्टे ओढले?"

"शेम! शेम!" गर्दी ओरडली.

करवत पुन्हा घर्रर्र झाली. मुकादमाला भाषणं ऐकायची सवय होती, तो भाषणातही काम करणारा माणूस होता. "मुलं बाजूला घ्या, ताई. माझी माणसं खोळंबलीत."

चिमीच्या आईनं एकदा करवतीकडे पाहिलं, एकदा पोरांनी वेढलेल्या त्या ढेरीकडे. संपादकबाई ही हाक आता सुटली, असं तिला वाटलं. सुटू दे! ती एका दगडावर चढली आणि किंचाळली, "मी! पट्टे मी काढलेत! माझी कल्पना, माझी चूक! झाडांना हात लावू नका!"

एका पाहुण्या बाईंनी डोळे पुसले. "पाहिलंत? झाडं वाचवायला सगळा दोष स्वतःच्या अंगावर घेतला हो!"

"अहो नाही, खरंच मीच..."

"वा! वा!" टाळ्यांचा कडकडाट झाला.

"ही माझी मुलगी! हिच्या उंचीचं माप घेऊन..."

"मुलीलाही आणलंय बरोबर!" कुणीतरी गहिवरून म्हणालं. "याला म्हणतात संस्कार."

काकांनी संधी साधली. "अशा आहेत आमच्या मंडळाच्या संपादकबाई!" आणि पुन्हा टाळ्या. आयुष्यात पहिल्यांदाच ती मोठ्या आवाजात खरं बोलली होती आणि एकही माणूस विश्वास ठेवायला तयार नव्हता.

विश्वास ठेवला तो फक्त साहेबांनी. ते जीपमधून उतरून सगळं ऐकत मागे उभे होते. त्यांनी तिला बाजूला घेतलं.

"म्हणजे ही झाडं वाळकी नाहीत?"

"नाहीत."

"पोकळ? किडकी? वाटेवर पडतील अशी?"

"साहेब, मुलं हरवू नयेत म्हणून हो..."

साहेबांनी टोपी काढून डोकं खाजवलं. "पट्टा पुसायचा तर समिती बसते. समितीची पाहणी, मग पाहणीवर अहवाल. तोवर ठेकेदार वाट बघत बसणार नाही, पट्टा असलेलं झाड त्याचंच." मग त्यांनी उगाच आकाशाकडे पाहिलं. "मुकादम, सगळ्यांना घेऊन चला, चहा घेऊ. चहानंतर मी स्वतः बरोबर येईन. ज्या झाडावर पट्टा दिसेल ते तोडू. ज्यावर दिसणार नाही..." ते खोकले. "त्यावर नव्हताच."

जीप वळली आणि चिमीच्या आईनं पर्स उपडी केली. ओले रुमाल, साबणाचा कागद, जंतुनाशक, तीन प्रकारची मलमं. पट्टा हलेना! सरकारी रंग, कपाटामागे वर्षानुवर्षं मुरलेला. काकांनी नख लावून पाहिलं, नख गेलं.

"आई, मी चिखल लावू?" चिमी तळ्याच्या काठावरून ओरडली. तिला परवानगी मागायची होती असं नव्हे. ती आधीच कोपरापर्यंत चिखलात होती.

जिनं या पोरीला आजवर ओल्या गवतावर अनवाणी चालू दिलं नव्हतं, तीच आई ओरडली, "लाव! सगळ्यांनी लावा! भरपूर लावा!"

मग जे झालं ते बालवाडीच्या इतिहासात पूर्वी झालं नव्हतं. मुलांनी तळ्याचा काठ उचलून झाडांवर थापला. आणि पट्टे मुलांच्याच उंचीवर असल्यामुळे एकालाही टाच उंचवावी लागली नाही. पाहुण्यांना वाटलं, मंडळाचा काही नवा उपक्रम आहे. तेही बाह्या सरसावून सामील झाले. एका आजोबांनी विचारलं, "यानं झाडाला काय होतं?" मुख्याध्यापिकाबाई ठणकावून म्हणाल्या, "आयुष्य वाढतं!" त्या म्हणाल्या ते अगदी खरं होतं. सहलीच्या बाई मात्र सतत मोजत होत्या, पण मुलं चिखलानं इतकी माखली होती की बाईंनी दोन झाडं मोजली आणि एक मूल सोडलं.

साहेब आले. कमरेपर्यंत चिखलानं लिंपलेल्या झाडांमधून ते गंभीरपणे तळ्यापर्यंत चालत गेले आणि परत आले. ढेरपोट्यापाशी थांबले. त्याच्या ढेरीवरून चिखलाचा एक ओघळ हळूहळू खाली सरकत होता आणि मागून पिवळी रेघ डोकावत होती. साहेबांनी रुमाल काढायचं निमित्त करून झाडाला पाठ टेकली. "इथं काही दिसत नाही," त्यांनी जाहीर केलं. दिसणार कसं? ते त्यांच्या पाठीमागे होतं.

मुकादम दोर गुंडाळायला लागला. जाता जाता तो तिला म्हणाला, "ताई, पुढच्या वेळी रिबिनी बांधा."

त्या आठवड्यात चिमीच्या आईनं 'रानवार्ते'चा पुढचा अंक लिहायला घेतला. खरं काय ते लिहायचं, असं ठरवून बसली. पहिलं वाक्य लिहिलं, 'आमच्या हातून एक चूक झाली.' काकांनी फोनवर ऐकलं आणि म्हणाले, "छान! फक्त 'चूक' काढा. आणि 'आमच्या हातून' काढा." मग उरलं ते 'एक झाली'. त्यावर मथळा बसेना, म्हणून काकांनीच नवा सुचवला: 'मंडळाच्या धाडसाने जंगलाला जीवदान!' शिवाय दर महिन्याला, म्हणजे चिखल वाळून गळाला की, पाहुण्यांसाठी 'वृक्षलेपन सोहळा' ठेवायचं ठरलं. नावनोंदणी आताच भरलीय.

छापायला देण्याआधी नवऱ्यानं अंक हातात घेतला आणि या वेळी चक्क वाचला.

"जीवदान दिलंत, ते कुणापासून गं?"

चिमीच्या आईनं त्याच्या हातातून पान ओढून घेतलं आणि तळाशी बारीक अक्षरांत एक ओळ घातली: 'सविस्तर तपशील जागेअभावी देता येत नाही.'

आणि खरं सांगते, हे मात्र खोटं नव्हतं. अर्ध्या पानावर झाडाला मिठी मारलेले काका होते, आणि उरलेल्या अर्ध्यावर ढेरपोट्या.