जावईबापू यंत्राच्या नाकावरून उतरले ते वर्तमान

॥ श्री ॥

चाके फिरविणारा जो, तोच चाके थांबविणारा. परंतु फिरविणे सोपे आणि थांबविणे कठीण, सबब थांबविणाऱ्यास आधी नमन करून लेखणी धरिली आहे. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सर, माघ वद्य पंचमी, इंदुवार, ते दिवशी देवीच्या माळावर जुन्या ट्रॅक्टरांचे जे ओढयुद्ध जाहले, त्यात कोण चढले, कोण उतरले आणि कोण चढता चढता वाचले, हे ज्याने त्याने आपापल्या घराण्याच्या सोयीने सांगितले, याजकरिता जैसे घडले तैसे मांडिले असे.

राज्य नदीकाठचे, उसाचे आणि अभिमानाचे. नाव घेण्याचे प्रयोजन नाही, शेजारची राज्येही तैसीच. तेथे नवे ट्रॅक्टर नांगरटीस आणि जुने ट्रॅक्टर अब्रूस, ऐसी वाटणी होती. यंत्राची चाळिशी उलटल्याखेरीज त्यास मैदानात प्रवेश नाही, आणि ज्यांची स्वतःची सत्तरी उलटली त्यांस मैदानातून बाहेर काढण्याची कोणाची छाती नाही, ऐसा शिरस्ता. युद्धाची रीत ऐसी की ट्रॅक्टरामागे साखळीने एक लोखंडी तळाचा घसरगाडा जोडावा, त्यावर दगडांची पेटी असावी, आणि गाडा जसजसा ओढला जाई तसतशी पेटी पुढे सरकून सारा भार मातीत रुते, मग जेथे यंत्राचा दम तुटे तेथे चुन्याची रेघ मारावी, आणि ज्याची रेघ सर्वांत दूर त्यास देवीपुढील रुप्याचा फाळ वर्षभर घरी ठेवण्याचा मान. परंतु ओढ बसली की ट्रॅक्टरचे पुढील पाय जमीन सोडीत आणि नाक आकाशी जाई, आणि नाक फार गेले तर यंत्र उताणे होऊन चालविणाराचे उरावर येई. त्यावर वडिलांनी तोड काढिली होती ती ऐसी की नाकावर माणूस बसवावा. माणूस जितका जड तितके नाक नम्र. मग घराघरात जड माणसे पाळिली गेली, आणि त्यांस ‘नाकाचे मानकरी’ ऐसा किताब पडला.

आवटी घराण्याचे नाकाचे मानकरी आदगोंडा मगदूम. सरलष्कर भुजबली आण्णा आवटी यांचे हे घरजावई. वजन पक्के तीन मण, स्वभाव त्याहून जड. आण्णांची कन्या सुमती यांसी लग्न होऊन बारा वर्षे लोटली, परंतु सासुरवाडीत त्यांस अद्याप ‘पाव्हणं’ म्हणत. पाण्याच्या पाळीचा विचार निघाला आणि आदगोंडा काही बोलू लागले तर आण्णा म्हणत, “पाव्हणं, तुम्ही जेवा.” बियाणे कोणते घ्यावे म्हणून मसलत बसली आणि त्यांनी घसा साफ केला, तरी तेच, “पाव्हणं, तुम्ही जेवा.” मग ते जेवीत. पौष लागला की मात्र घराचा रंग पालटे. पुरणाची पोळी आणि तिजवर तूप, आणि तुपावर आणखी तूप, आणि सासूबाई खासा वाढावयास येत, आणि जत्रेच्या दिवशी आदगोंडा भगवा फेटा बांधून ‘गजगौरी’च्या नाकावर चढत, आणि सारा माळ त्यांचे नाव घेई. गजगौरी म्हणजे आण्णांचा ट्रॅक्टर, शके अठराशे ब्याऐंशीची घडण, धूर हत्तीचा आणि आवाज दोन हत्तींचा. वर्षातील तेवढा एक प्रहर आदगोंडा घरात कोणीतरी होते. बाकी वर्ष ते त्या प्रहराच्या आठवणीवर काढीत, आणि जेवणावर.

आदले वर्षी पलीकडल्या तीरावरील खोतांचे मानकरी हिसक्यासरशी नाकावरून घसरले आणि चाकाखाली पाय देऊन बसले; पाय वाचला, परंतु मान गेला. मग जत्रेच्या पंचांनी घाबरून तंत्रनिकेतनात यंत्रशाखा चालवून निवृत्त जाहलेल्या चंद्रमती बाई उपाध्ये यांस पंचप्रधानपद दिले. बाई कृश, चष्मा जाड, हाती दीड फुटी लोखंडी गज. त्यांनी आल्या दिवशी भोंग्यावरून नियम पुकारिले ते ऐसे की, चालविणाराने बैठकीवर बसूनच चालवावे, उभे राहून मिशांस पीळ देऊ नये. आणि डोकीस शिरस्त्राण असावे, त्यावर सरदारांनी शिरस्त्राणावर फेटे बांधिले आणि ती मुंडकी घागरीएवढी दिसू लागली. आणि साखळी आधी ताणून घ्यावी, हिसका देऊ नये, आणि ताणलेल्या साखळीच्या रेषेत कोणी उभे राहू नये, ती तुटली म्हणजे नातेसंबंध पाहात नाही. आणि हिरवे निशाण हलले तर निघावे, तांबडे दिसले तर थांबावे. आणि साखळी अडकविण्याचा मागचा आकडा जमिनीपासून एक हातापेक्षा उंच नसावा, कारण आकडा जितका उंच तितके नाक वर. या हाताने मोठा बखेडा केला. एक हात म्हणजे कोणाचा हात, ऐसे प्रत्येक घराणे पुसू लागले आणि आपले लांब हातांचे भाऊबंद धुंडून आणू लागले. आण्णांनी तर चुलत मेहुण्यास बोलाविले, ज्याचे हात गुडघ्यांशी बोलत. तेव्हां बाईंनी आपला गज पुढे केला आणि म्हणाल्या, “हा हात. याला भाऊबंद नाहीत.” मग तेही मिटले. आणि प्रत्येक यंत्राच्या तेल तोडण्याच्या खिटीस दोरी बांधावी, तिचे टोक घसरगाड्यावर बसलेल्या माणसाच्या हाती असावे, आणि नाक भलते वर गेले की त्याने ओढावी, म्हणजे तेल तुटून यंत्र मरेल आणि माणूस जगेल. हे सर्व लोकांनी जांभया देत ऐकिले. परंतु शेवटचा नियम ऐसा की, चालविणाराखेरीज कोणीही इसम यंत्रावर नसावा, आणि नाकावर जे वजन ठेवावयाचे ते घट्ट आवळलेले असावे. हे ऐकून जांभया मिटल्या आणि सारा माळ वळून आदगोंडांकडे पाहू लागला.

आण्णांनी घरी मसलत बसविली. प्रथम बाईंस मूर्ख ठरविले, मग नियमास मूर्ख ठरविले, आणि मग नियम पुन्हा वाचविला. वाचता वाचता त्यांचा चेहरा उजळला.

“इसम नसावा, वजन असावं, आसंच हाय नव्हं?” आण्णा म्हणाले. “मग आपण इसम कशापायी चढवायचा? पाव्हण्यास्नी आवळून बांधायचं. बांधलं की झालं वजन.”

आदगोंडा म्हणाले, “पण मामा—”

“पाव्हणं, तुम्ही जेवा.”

जत्रेच्या दिवशी सकाळी आदगोंडांस गजगौरीच्या नाकावर पालथे न घालता सन्मानाने बसवून उसाच्या गाडीच्या सोलाने, म्हणजे जाड दोराने, छातीपासून गुडघ्यापर्यंत बारा वेढे देऊन आवळिले, आणि गाठ आण्णांनी खासा मारिली, आणि मांडीवर नारळ ठेविला. आदगोंडांस श्वास अर्धा येत होता, परंतु फेटा डोकीस होता आणि लोक पाहात होते, सबब त्यांनी अर्ध्या श्वासात समाधान मानिले. इतक्यात चंद्रमती बाई गज घेऊन तपासणीस आल्या. आकडा मापिला, खरा निघाला. दोरी पाहिली, खरी निघाली. मग त्या पुढे आल्या.

“हे काय?”

“वजन,” आण्णा बोलिले.

“या वजनाला मिशा आहेत.”

“जुनं वजन हाय, बाईसाहेब.”

“ते श्वास घेतंय.”

“उन्हानं लोखंड बी फुगतंय की.”

खोतांची मंडळी हसावयास लागली, आणि आवटी मंडळी त्यांहून मोठ्याने हसली. बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, “ठीक आहे. नियमात लोखंडच हवं असं मी लिहिलं नाही, ती चूक माझी. आता वजनालाच विचारते. आदगोंडा, तुम्ही इसम की वजन? वजन असाल तर उत्तर देऊ नका, मी खडूने आकडा घालते आणि नोंद करते.”

येथे आदगोंडांस काहीच करावयाचे नव्हते. गप्प बसावे की मान राहिला, फेटा राहिला, फाळ घरी आला. आणि गप्प बसण्याची त्यांस बारा वर्षांची तालीम. त्यांनी आकाशाकडे पाहिले. बाईंनी खडू काढिला आणि त्यांच्या पोटावर सदऱ्यावरून तिनाचा आकडा घातला आणि पुढे ‘मण’ लिहावयास घेतले. तेव्हां गर्दीतून सुमतीबाईंचा आवाज आला, तो उंच नव्हता, परंतु साफ होता.

“अहो, लिहून झालं की सांगा. घरी गेल्यावर दाराला टेकण लावते तुमचं.”

माळ हसला. आदगोंडांनी खाली पाहिले तो आपल्या पोटावर आपलाच आकडा, आणि त्याखाली आण्णांची गाठ.

“इसम,” ते म्हणाले.

“ऐकू आलं नाही,” बाई म्हणाल्या.

“इसम हाय. सोडा मला.”

परंतु आण्णांची गाठ सुटेना. चौघे खपले, सुटेना; शेवटी विळा आणून सोल कापिला, आणि नाकाचे मानकरी नारळासह खाली आले. आण्णांचे मुख काळे-निळे जाहले. बाई म्हणाल्या की लोखंडाच्या पाट्या तयार आहेत, त्या नाकास आवळून द्याव्या. आण्णा म्हणाले, “आमच्या नाकावर जावई बसत आलाय. त्याच्या जाग्यावर भंगार बसवून मी अब्रू घालवायचो न्हाई. मोकळंच काढतो.” नियमात पुढील वजन सक्तीचे नव्हते, सबब बाईंनी ओठ आवळिले आणि परवानगी दिली. मग घसरगाड्यावर दोरी धरावयास माणूस पाहू लागल्या, तो हलका माणूस नको, कारण गाडा उसळला तर हलका माणूस दोरीसकट उडतो. त्यांची नजर आदगोंडांवर गेली.

खोत म्हणाले, “बाई, तो त्यांच्याच घरचा हाय. सासऱ्याची दोरी ओढायचा न्हाई.”

“उलट सासऱ्याची दोरी ओढायला जावयाइतका आतुर कोण असतो?” बाई म्हणाल्या, आणि खोतांनी मान डोलाविली, कारण तेही सासरे होते.

आण्णांनी बैठकीवरून मागे वळून सांगितले, “पाव्हणं, दोरीला हात लावलासा तर माझ्या घराची पायरी चढायची न्हाई.” आदगोंडा गाड्यावर चढून बसले, दोरी पंजास गुंडाळिली, आणि पोटावरील तीन पुसावयास लागले, तो पुसला न जाता पसरला.

खोतांची रेघ आधीच पडली होती, ती दूरची होती. हिरवे निशाण हलले. आण्णांनी साखळी हळूच ताणिली, हे मान्य केले पाहिजे, आणि मग गजगौरी गर्जली आणि काळा धूर देवीच्या कळसापर्यंत गेला, आणि गाडा हलला, आणि पेटी सरकू लागली, आणि माती चाकांखालून लाह्यांसारखी उडाली. अर्धे मैदान गेले. पेटी पुढे येऊन गाडा रुतला, ओढ बसली, आणि गजगौरीचे पुढील पाय सुटले. प्रथम वीतभर, आणि लोक ओरडले, “शाब्बास.” मग हातभर, आणि लोक आणखी ओरडले. खोतांची रेघ समोर दिसत होती. परंतु आण्णांस आता रेघ दिसत नव्हती, आकाश दिसत होते, आणि आकाशाकडे जाणे म्हणजे पुढे जाणे ऐसे समजून त्यांनी तेल वाढविले. नाक कमरेएवढे आले. आदगोंडांस गाड्यावरून आण्णांची पाठ दिसे, ती हळूहळू त्यांचेकडे येत होती, आणि फेटा बांधिलेले शिरस्त्राण मागे कलत होते. त्यांस त्या क्षणी पायरी आठवली, आणि पोळी आठवली, आणि फाळ ज्या कोनाड्यात ठेवीत तो कोनाडा आठवला. मग सुमतीबाईंचा आवाज माळावर पुन्हा आला, या वेळी उंच, “आण्णा.” आणि आदगोंडांनी तीन मण मागे टाकून दोरी ओढिली.

तेल तुटले. गजगौरी खोकली आणि गप्प जाहली, आणि नाक धाडकन खाली येऊन मातीत रुतले, आणि आण्णांचे शिरस्त्राण फेट्यासकट डोळ्यांवर बसले. बाईंनी गज घेऊन मापिले. खोतांच्या रेघेस गजगौरी एक हात कमी पडली. आण्णांनी शिरस्त्राण वर करून पुसिले, “कुणाचा हात?” बाईंनी गज दाखविला.

आण्णा खाली उतरले. त्यांनी चाक धरून आपण यंत्रासच आधार देत आहो ऐसे दाखविले, परंतु यंत्र बंद होते. फाळ खोतांकडे गेला. संध्याकाळी जत्रेची पंगत बसली. आदगोंडा पायरीचा मजकूर ध्यानी ठेवून घरच्या मंडळींपासून दूर, शेवटच्या पानावर बसले, फेट्यावाचून. सुमतीबाई शेजारी येऊन बसल्या आणि आपल्या पानातील एक पोळी त्यांच्या पानात ठेविली.

मग आण्णा उठले, आपले पान उचलून सारी पंगत ओलांडून आले, आणि जावयासमोर मांडी घालून बसले. बहुत वेळ तूप पोळीवर पसरीत राहिले. मग खाली पाहूनच म्हणाले,

“आदगोंडा, पुढच्या वर्षाला नाकावर किती लोखंड बसवावं म्हणतासा?”

बारा वर्षांत हा पहिला प्रश्न, आणि नावानिशी. पंगतीचे हात थांबले. आदगोंडांनी घास पुरता गिळिला, घसा साफ केला, आणि शांतपणे म्हणाले,

“मामा, तुम्ही जेवा. मी बघतो.”

आण्णा जेवले.

येणेप्रमाणे जाहले. पुढे त्या राज्यात यंत्राच्या शेपटीस दोन लोखंडी टेकण्या लावण्याचा नियम आला, म्हणजे नाक कितीही वर गेले तरी यंत्र उताणे होत नाही. नाकावर लोखंड आले आणि जड माणसे मोकळी जाहली, त्यांपैकी बरीच त्यानंतर बारीक जाहली, कारण तूप कमी वाढिले जाऊ लागले. दोरीचा मान मात्र आवटी घराण्यात जावयाकडे वंशपरंपरा राहिला, आणि नियमास ‘इसम’ शब्दापुढे एवढी जोड मिळाली की, बांधलेला असो वा मोकळा. कळावे.