साहेब काढून टाकले तर

"ज्ञान ही कुलपात ठेवायची वस्तू नाही!" साहेबांनी टेबलावर मूठ आपटून जाहीर केलं. "आजपासून आपल्या कंपनीचं सॉफ्टवेअर साऱ्या जगाला खुलं! कोणीही यावं, वाचावं, सुधारावं!" टाळ्या पडल्या. मग साहेबांनी आपला स्टेपलर खणात ठेवला, खणाला कुलूप लावलं आणि किल्ली खिशात टाकली.

टाळ्या वाजवता वाजवता एकाच माणसाचे हात मध्येच थांबले. ते सॉफ्टवेअर त्यानंच लिहिलं होतं. एकदा त्यात टंकायच्या राहून गेलेल्या एका अर्धविरामापायी त्यानं अख्खी कंपनी बंद पाडली होती, तेव्हापासून सगळे त्याला अर्धविरामच म्हणत. गोदामातून निघणाऱ्या पार्सलांवरच्या पत्त्याच्या चिठ्ठ्या हे सॉफ्टवेअर छापायचं. त्यात मधोमध एक तुकडा होता. चिठ्ठी त्याच्याकडे येई, थोडा वेळ पडून राही आणि एक अक्षरही न बदलता आली तशी पुढे जाई. अशा तुकड्याला नाव काय द्यावं, यावर अर्धविरामाला फारसं डोकं खाजवावं लागलं नव्हतं. त्यानं नाव दिलं होतं 'साहेब'.

"साहेब, थोडी साफसफाई करून मग उघडलं तर?" त्यानं चाचरत विचारलं.

"आपल्याला काय लपवायचंय?" म्हणत साहेबांनी बटण दाबलंसुद्धा.

घरी बायकोनं ऐकून घेतलं. "मग बदला की नाव गुपचूप."

"अगं, आता काहीही बदललं की कोणी बदललं आणि का, तेही जगाला दिसतं. नोकरी जाणार माझी."

"हे बघा, घरी बसायचं नाही हं! गेल्या रजेत तुम्ही डब्यांना क्रमांक घातलेत. मला अजून साखर सापडत नाही."

दुसऱ्या दिवशी साहेबांनी सगळ्यांना बोलावलं. जगाचा प्रतिसाद भिंतीवर मोठ्या अक्षरांत झळकत होता. साहेबांनी तो खड्या आवाजात वाचला, "'साहेब नेमकं काय करतात?' बघा! कुठला कोण माणूस, पण आपुलकीनं विचारपूस करतोय!"

अर्धविरामानं पुढच्याच्या पाठीआड तोंड लपवलं. साहेबांनी स्वतः उत्तर टंकलं : 'साहेब सर्वांना सर्वांगीण मार्गदर्शन करतात.'

क्षणात उत्तर आलं. 'पूर्ण तपासलं. मार्गदर्शन आढळलं नाही.'

खोलीत कोणीतरी खोकलं. लगेच दुसरा अनोळखी म्हणाला, 'नुसते अडवून बसतात. काढून टाकावेत.' तिसऱ्यानं त्याला दुजोरा दिला. चौथा म्हणाला, 'मी काढून पाहिले. कोणाला कळलंसुद्धा नाही. काम मात्र दुप्पट वेगानं होतं.'

साहेब मटकन खुर्चीत बसले. "मला... काढून पाहिलं? कधी?"

आता सांगण्यावाचून गत्यंतर नव्हतं. अर्धविरामानं खाली मान घालून सगळं सांगितलं. तेवढ्यात फोन वाजला. पलीकडे कंपनीच्या मालकीणबाई होत्या. त्यांनीही वाचलं होतं.

"दुप्पट वेग?" त्यांचा आवाज फोनबाहेर ऐकू आला. "मग वाट कसली बघताय? काढा साहेब!"

"बाई, मी इथेच बसलोय," साहेब क्षीणपणे म्हणाले.

"बसा ना. तो तुकडा काढा म्हणतेय."

अर्धविरामानं साहेब काढले. थोडा वेळ सगळं छान चाललं. मग गोदामातून आरडाओरडा ऐकू आला आणि गोदामप्रमुख धापा टाकत आत शिरला. त्याच्या छातीवर, पाठीवर, कपाळावर पत्त्यांच्या चिठ्ठ्या चिकटल्या होत्या.

"छपाईयंत्र ओकतंय नुसतं! आम्ही एक चिठ्ठी लावेस्तोवर दहा बाहेर! काय काढलंत तुम्ही?"

"साहेब," कोणीतरी म्हणालं.

"मग परत आणा साहेबांना! साहेबांशिवाय इथे एक पार्सल हलायचं नाही!"

इतक्या वर्षांत असं वाक्य या इमारतीत प्रथमच उच्चारलं गेलं होतं. साहेबांनी चष्मा काढून पुसला. अर्धविरामानं तुकडा जागच्या जागी बसवला. गोदाम शांत झालं. भिंतीवर जगानं नोंद केली : 'साहेब राहू द्यावेत. ते अडवतात म्हणून पुढच्यांना श्वास घेता येतो.'

संध्याकाळी साहेबांनी अर्धविरामाला आत बोलावलं. राजीनामा कसा लिहितात ते मनात घोकतच तो गेला. साहेबांनी दार लावून घेतलं, खणाचं कुलूप काढलं, स्टेपलर बाहेर काढला, परत आत ठेवला.

"ते नाव साऱ्या जगाला दिसतं?"

"हो, साहेब."

"कायमचं?"

"हो, साहेब."

साहेबांनी खणाला पुन्हा कुलूप लावलं. मग खालच्या आवाजात म्हणाले,

"नुसतंच 'साहेब' लिहिलंय रे. आधी 'मा.' लावता येईल का?"